१८ जुलै १९६८ : एका ड्रायव्हरची तारीख

जुन्या कागदावरची तारीख आणि मजकूर यांचा मेळ बसला नाही, की इतिहासाच्या अभ्यासकाला पहिली शंका येते ती कागद बनावट असल्याची. माझ्या टेबलावरच्या संगणकात मात्र असा एक अस्सल कागद आहे, ज्यावरची तारीख उघड उघड खोटी आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेलच्या चिपसेटच्या ड्रायव्हरवर तारीख दिसते १८ जुलै १९६८. विंडोज तर सोडाच, तेव्हा इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसरही यायचा होता. तो आला १९७१ मध्ये.

१८ जुलै १९६८ हा रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांच्या कंपनीचा स्थापनादिन. त्या दिवशी तिचे नावही इंटेल नव्हते, एनएम इलेक्ट्रॉनिक्स होते.

ही तारीख का घातली? चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांच्यातली देवघेव सांभाळणाऱ्या चिपांचा संच. १९८१ च्या आयबीएम पीसीत ही कामे सुट्या चिपा करत. पुढे ती मोजक्या चिपांत एकवटली. इंटेलच्या चिपसेटचा म्हणून जो ‘ड्रायव्हर’ आपण उतरवून घेतो, तो बहुतांशी आयएनएफ फायलींचा गठ्ठा असतो. त्यांत काम करणारा प्रोग्राम नसतो. कोणता भाग कोणत्या नावाने ओळखायचा, एवढेच त्या विंडोजला सांगतात. म्हणजे ही नामावलीच.

विंडोजचा नियम असा, की दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील तर नव्या तारखेचा घ्यावा. नामावलीवर ताजी तारीख असती, तर तिने एखाद्या भागाचा खरा, कामाचा ड्रायव्हर बाजूला सारला असता. म्हणून तिला मुद्दाम पंगतीत शेवटी बसवले. इथे तारीख काळ सांगत नाही, मान सांगते. मायक्रोसॉफ्टनेही याच कारणासाठी विंडोजसोबतच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही एकच तारीख घातली. इंटेलला कोणतीही जुनी तारीख चालली असती. स्वतःची जन्मतारीख निवडण्यात थोडी मिरास आहेच.

हे ठाऊक नसलेला माणूस १९६८ पाहून घाबरतो आणि ‘सगळे ड्रायव्हर नवे करून देतो’ म्हणणाऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामला पैसे मोजतो, नाहीतर चालता संगणक बिघडवून घेतो. खरा पुरावा त्याच चौकटीत, तारखेच्या खालच्या ओळीत असतो : आवृत्ती क्रमांक. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकाशी तो ताडून पाहायचा.