बारा छत्र्यांची देवी

आपल्या घराण्यांत नव्या पाहुण्याची ओळख करून घेताना पूर्वी दोन प्रश्न हमखास विचारले जात : मूळ गाव कोणते आणि कुलदेवी कोणती. गोव्यातून बाहेर पडून बेळगाव, बडोदे, इंदूर अशा ठिकाणी तीनचार पिढ्या स्थायिक झालेल्या कुटुंबांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा देता येत नाही. दुसऱ्याचे मात्र सहसा चुकत नाही. गाव सुटले तरी देवी सुटली नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु देवीलाच गाव सोडावे लागले तर देवी आणि गाव यांचे नाते कशावर टिकते, याचा विचार आपण क्वचितच करतो. सासष्टीतील कुंकळ्ळीच्या श्रीशांतादुर्गेची हकीकत या दृष्टीने मननीय आहे.

शांतादुर्गा हे नाव गोव्यात घरोघर परिचित आहे. त्यामागे एक पुराणकथा सांगितली जाते. शिव आणि विष्णू यांच्यात घनघोर युद्ध जुंपले. त्यांचे तेज आवरेनासे झाले, तेव्हा ब्रह्मदेवाने आदिमायेची प्रार्थना केली. देवीने एका हाताने विष्णूला आणि दुसऱ्या हाताने शिवाला धरून दोघांना शांत केले. म्हणून ती शांतादुर्गा. देवीच्या दोन हातांतील दोन सर्प हे त्या दोन देवांचे प्रतीक मानतात. शस्त्र उचलून शत्रूचा संहार करणारी दुर्गा आपल्याला ठाऊक असते; गोव्याने मात्र भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये उभी राहणारी दुर्गा आपलीशी केली.

या कथेच्याही खाली आणखी एक प्राचीन थर आहे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात गावोगाव सांतेरी अथवा सातेरी या नावाने देवीची पूजा होते, आणि तिचे मूळ रूप म्हणजे वारूळ. कोकणीत त्याला रोयण म्हणतात. भूमीच्या उदरातून आपोआप वर येणारी ही मृत्तिका म्हणजे साक्षात सर्जनशील भूमाता, अशी त्यामागील श्रद्धा. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात वारुळाच्या या मातृप्रतीकाचा मूलगामी विचार केला आहे. सांतेरीची शांतादुर्गा झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे देवी मुळात गावच्या मातीचीच. ती कुठल्या एका घराण्याची नव्हे. ज्यांनी ती माती कसली, बांध घातले, खारे पाणी अडवून शेते उभी केली, त्या सर्वांची.

कुंकळ्ळीत असे मूळ रहिवासी बारा वांगडांत विभागलेले होते. वांगड म्हणजे एका मूळ पुरुषापासून आलेली घराणी. गावची जमीन, पाणी, देवस्थान आणि न्यायनिवाडा यांचा कारभार हे गावकर एकत्र बसून पाहत. देवीचा उत्सव हा या एकत्र कारभाराचा वार्षिक ताळेबंदच होता. मान कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा, हे ठरलेले असे. आणि ज्याला मान, त्याला गावच्या कामात वाटाही.

सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. १५६०च्या दशकात तेथील देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले. केळोशीची शांतादुर्गा याच काळात अंत्रुजमधील कवळ्यास नेण्यात आली. कुंकळ्ळी, असोळणे, वेरोडे, वेळ्ळी, आंबेली या गावांनी मात्र उघड प्रतिकार केला, करही नाकारला. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहण्यास कुंकळ्ळीत आलेल्या पाच जेझुइट धर्मगुरूंची व त्यांच्या काही सोबत्यांची गावकऱ्यांनी हत्या केली. त्यांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा हा अकबराच्या दरबारी राहून नुकताच परतला होता. पुढे वाटाघाटीच्या निमित्ताने गावच्या सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेण्यात आले आणि कोणतीही चौकशी न करता ठार मारण्यात आले. एक जण तेवढा साळ नदीत उडी टाकून कारवारच्या बाजूस निसटला, असे सांगतात. गावकऱ्यांच्या जमिनी काढून घेण्यात आल्या. धर्मगुरूंना रोमने १८९३ मध्ये ‘धन्य’ म्हणून गौरविले; नायकांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहण्यास २००३ साल उजाडावे लागले.

रक्तपात दोन्हीकडचा होता, हे इतिहास वाचताना आम्ही विसरू इच्छीत नाही. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतर घडलेले. गावकऱ्यांनी देवीला डोंगराआड फातर्प्यास नेले. ते गाव तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर होते. अंतर फार नाही, अवघे काही किलोमीटर. पण मध्ये राज्याची सीमा होती. इकडे गावातील पुष्कळ घरांनी कालांतराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एकाच वांगडातील एका घरापुढे तुळस राहिली, दुसऱ्यापुढे क्रूस आला. देवी एका गावात, तिची लेकरे दुसऱ्या गावात आणि तीही दोन धर्मांत, अशी स्थिती झाली.

कवळ्याच्या देवस्थानाला पुढे राजाश्रय लाभला. छत्रपती शाहूंचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नांनी तेथे आजचे भव्य देवालय उभे राहिले आणि १७३९ मध्ये शाहूंनी कवळे गाव देवीस इनाम दिला. सातारच्या दरबाराचा तो उपकार आपल्या घराण्यांतून कृतज्ञतेने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. फातर्प्याची हकीकत मात्र राजाची नाही. ती वांगडांची आहे. देवी आजही ‘कुंकळ्ळीकरीण’ याच नावाने ओळखली जाते. फातर्प्यात शतके काढूनही तिने आपल्या गावचे नाव टाकले नाही.

शिमग्याच्या दिवसांत ही देवी आपल्या गावी परत येते. फातर्प्याहून पालखी निघते आणि तिच्यासोबत बारा छत्र्या असतात, बारा वांगडांच्या बारा. म्हणूनच या उत्सवाला कोकणीत ‘सत्र्यो’ म्हणतात. शासकीय सेवेत असताना आम्ही तो प्रथम पाहिला. गुलालाने वाट लाल झालेली, वाद्यांचा गजर आणि त्या गर्दीवर डुलत चाललेल्या छत्र्या. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका वयोवृद्ध ख्रिस्ती गृहस्थांना आम्ही काहीशा भाबडेपणाने विचारले, आपण येथे कसे? त्यांनी शांतपणे आपल्या वांगडाची छत्री दाखविली. अधिक बोलण्याची त्यांना गरज वाटली नाही, आणि आम्हांला आमच्या प्रश्नाचीच लाज वाटली.

ख्रिस्ती गावकर हिंदू गावकरांबरोबर या उत्सवात सहभागी होतात, ते कोणी उपदेश केला म्हणून नव्हे. धर्म बदलला तरी वांगड बदलत नाही, या जुन्या समजुतीने ते येतात. दोघांना दोन हातांनी धरणाऱ्या देवीची कथा आम्ही कीर्तनांतून ऐकली होती. तिचा अर्थ त्या वाटेवर उमगला. जिच्यासाठी एके काळी रक्त सांडले, तीच देवी आज दुभंगलेल्या घरांना वर्षातून एकदा एकत्र चालायला लावते.

दूरच्या शहरांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून काही घेण्याजोगे आहे. कुलदेवी म्हणजे आपल्याकडे आता लग्नानंतरचे एक दर्शन, ओटी, अभिषेकाची पावती आणि परतीचे तिकीट एवढेच उरू लागले आहे. देवीच्या गाभाऱ्यापर्यंत आपण जातो. ज्या गावातून ती आणि आपण निघालो, तेथपर्यंत जात नाही. तेथे आपल्या रक्ताची, पण वेगळ्या नावाची माणसे असतील, हे ध्यानातही येत नाही. आमच्या कुटुंबातही हेच झाले, हे कबूल केले पाहिजे. पुढील खेपेस नातवंडांना घेऊन जाताना देवदर्शनाबरोबर देवीचे मूळ गावही दाखवायचे, असे आम्ही ठरविले आहे. वाचकांनीही आपापल्या देवीच्या मूळ गावाचा शोध घ्यावा, अशी विनंती आहे.