चढातला तो 'उणे' कशासाठी?

लंब रेषांच्या चढांचा गुणाकार उणे १, हे सूत्र आपण पाठ केलं. पण बीडच्या पालीपासून पुण्यापर्यंत प्रश्न तोच: हा उणे कशासाठी?

११५० साली भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक त्रिकोण दिला. पाया ९, बाजू १० आणि १७. शिरोबिंदूतून टाकलेला लंब पायाच्या बाहेर पडतो! लंब ८, पायाचे तुकडे १५ आणि उणे ६. भास्कराचार्यांचं म्हणणं, उणे म्हणजे उलट दिशा.

आता चढ २ घ्या: १ पुढे, २ वर. रेषा काटकोनात फिरवली की २ मागे, १ वर. चढ झाला उणे १/२. गुणाकार? उणे १! फक्त उभ्या-आडव्या रेषांची जोडी सोडा. उभ्या रेषेचा चढ काढताच येत नाही.

हेच ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटण्याला मठ काढला. १२०७ चा शिलालेख तसं सांगतो. म्हणजे सूत्र पाठ करण्याआधी एकदा रेषा फिरवून बघा!