टॅबची कुळकथा

ब्राउझरच्या माथ्याशी ओळीने उभ्या राहणाऱ्या ज्या पट्ट्यांना आज सारे जग टॅब म्हणून ओळखते, त्यांचे कूळ शोधू लागले असता वाट संगणकाच्या इतिहासातून मागे मागे जात ग्रंथालयाच्या लाकडी खणांपाशी येऊन थांबते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ग्रंथालयांचे आणि व्यापारी पेढ्यांचे दप्तर बांधीव वह्यांतून निघून सुट्या पत्रांवर उतरू लागले, आणि त्याबरोबरच एक नवी अडचण उभी राहिली. सारखीच उंची असलेली शेकडो पत्रे एकामागे एक खणात दाटीने उभी असताना हवे ते पत्र नेमके कोठे आहे, हे एकेक पत्र चाळल्यावाचून कारकुनास कळेना. जेम्स न्यूटन गन या गृहस्थाने यावर तोड काढली ती अशी, की विभाग दाखविणाऱ्या पत्राच्या वरच्या कडेचा लहानसा भाग इतरांहून उंच राखावा आणि त्यावर मथळा लिहावा. या कल्पनेबद्दल त्यास 1897 साली पेटंटची सनद मिळाली. जागा अत्यल्प घ्यावी आणि मागे दडलेल्या वस्तूचे नाव स्पष्ट सांगावे, असा हा दुहेरी करार होता, आणि टॅबचा पुढला सारा इतिहास मला या कराराच्या पालनाचा व उल्लंघनाचा इतिहास वाटतो.

संगणकाच्या पडद्यावर टॅब आले ते कोष्टके मांडण्याच्या आणि मजकूर लिहिण्याच्या साधनांतून. बोर्लंड कंपनीच्या क्वात्रो प्रोने 1992 च्या सुमारास त्यांची पुष्कळांस ओळख करून दिली. ब्राउझरात मात्र त्यांची गरज निराळ्याच कारणाने उत्पन्न झाली. 1993 साली मोझेक आला तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या वाटेने एकेक पान पडद्यावर उतरावयास इतका विलंब लागे, की जाणता वाचक पुढचे दुवे नव्या खिडक्यांत उघडून ठेवी आणि ती पाने येईपर्यंत हातातले पान वाचून संपवी. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट जनतेस खुले केले, तेव्हा येथील वाचकांच्याही वाट्यास हीच प्रतीक्षा आली. परंतु या युक्तीने खिडक्यांची इतकी गर्दी होई, की कचेरीत एकावर एक रचलेल्या रुमालांपैकी हवा तो कागद कोणत्या रुमालात आहे हे गाठ सोडल्यावाचून उमगू नये, तशी वाचकाची गत होई.

बुकलिंक कंपनीच्या इंटरनेटवर्क्स या ब्राउझरने 1994 सालीच एका खिडकीत अनेक पाने टॅबांनी लावून दाखविली होती. परंतु ती कंपनी त्याच वर्षी अमेरिका ऑनलाइनने विकत घेतली आणि ही कल्पना तेथेच मागे पडली. पुढे ॲडम स्टाइल्स याने 1997 मध्ये सिमुलब्राउझ काढला, जो नंतर नेटकॅप्टर या नावाने चालला. 2001 साली डेव्ह हायट याने मोझिलात टॅब आणले, आणि 9 नोव्हेंबर 2004 रोजी प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्सने ते घरोघर पोहोचविले. बाजारपेठेवर हुकमत असलेल्या इंटरनेट एक्सप्लोररात ते दाखल व्हावयास 2006 चा ऑक्टोबर उजाडला.

2008 च्या सप्टेंबरात आलेल्या क्रोमची कामगिरी मला विशेष आदराने नोंदवावीशी वाटते. एक पान कोसळले तर त्याने बाकीच्यांस सोबत नेऊ नये, म्हणून पाने निरनिराळ्या प्रक्रियांत चालविण्याची तजवीज त्यात होती. पत्त्याची पट्टी टॅबच्या वर नसून टॅबच्या पोटात होती, कारण पत्ता हा त्या त्या पानाचाच असतो. याहून सूक्ष्म अशी एक योजना बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. ओळीतला एखादा टॅब फुलीवर टिचकी मारून मिटला, की उरलेले टॅब लगेच रुंद होत नाहीत; पुढच्या टॅबची फुली नेमकी माउसच्या टोकाखाली सरकून येते, आणि हात तसूभरही न हलविता एकामागून एक टॅब मिटविता येतात. माउस ओळीपासून दूर गेल्यावरच उरलेले टॅब ऐसपैस पसरतात. वापरणाऱ्याच्या हाताचा इतका विचार ज्याने केला, त्याच्या कारागिरीस दाद दिलीच पाहिजे.

तथापि टॅब उघडणे जितके सुलभ झाले, तितकी त्यांची संख्या वाढली, आणि आडव्या ओळीत ती वाढू लागताच प्रत्येक टॅब आकसत जाऊन मथळा नाहीसा झाला व केवळ एक चिमुकले चिन्ह उरले. एकाच वृत्तपत्राची दहा पाने उघडली, तर तेच चिन्ह दहा वेळा. गनचा करार येथे सरळ मोडला. देवनागरीतील मथळ्याची तर अधिकच दैना होते, कारण त्याची दोन-तीन अक्षरे दिसतात न दिसतात तोच तो तुटतो.

यावर उपाय पुष्कळ झाले. आझा रास्किन याची कल्पना पॅनोरमा या नावाने 2011 साली फायरफॉक्स 4 मध्ये आली. तीत पानांच्या छोट्या प्रतिमा एका विस्तीर्ण पटावर ओढून त्यांचे गट पाडावयाचे असत. ती देखणी होती, पण नित्याच्या कामापासून वेगळ्या दालनात राहिल्याने फारच थोड्यांनी वापरली आणि 2016 साली काढून टाकण्यात आली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी 2021 साली दाखवून दिले, की टॅब हा पुष्कळांच्या लेखी अपुऱ्या कामाचे स्मरणपत्र असतो, आणि एकदा मिटलेले पान पुन्हा हाती लागणार नाही या धास्तीने तो उघडाच ठेवला जातो. म्हणून टॅबांची संख्या अधिक म्हणून वाचकास दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्याचे काम चालू आहे आणि साधनाने ते सांभाळले पाहिजे. क्रोमने 2020 पासून टॅबांचे नाव व रंग असलेले गट पाडण्याची सोय दिली, ती याच दिशेची.

परंतु माझ्या मते खरा इलाज उभ्या टॅबांचा आहे. पडदे आता रुंद झाले आहेत, वाचनाचा मजकूर मधोमध राहतो आणि बाजूची जागा रिकामी पडते; तेथे टॅब एकाखाली एक मांडले तर वीस-पंचवीस मथळे वाचता येतील इतके उमटतात, मराठी मथळेही अर्थ कळेल इतके दिसतात, आणि करार पुन्हा पाळला जातो. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये ही सोय 2021 पासून, तर फायरफॉक्समध्ये 2025 पासून उपलब्ध आहे. ब्राउझर घडविणाऱ्यांनी ती आरंभापासूनच चालू ठेवावी. तोवर वाचकांनी सेटिंग्जमध्ये जाऊन ती स्वतः चालू करावी आणि आठवडाभर वापरून पाहावी.