जिरॅनिऑल: आपल्या गवताला मिळालेलं परकं नाव

आजची गोष्ट एका गवताची. खानदेशातल्या डोंगरउतारांवर रोशा गवत उगवतं, काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. पान चुरगळा, गुलाबाची आठवण येईल!

एकोणिसाव्या शतकात भट्ट्या लावून, गवत पाण्यात उकळून, वाफ थंड करून त्याचं तेल काढायचे. सांधेदुखीवर ते चोळायचे. बरंचसं तेल मात्र मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जायचं. तिथे ते महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे, आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागायचा नाही.

का लागायचा नाही? 1871 मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं याच गवताच्या तेलातून एक घटक वेगळा केला. तो गुलाबाच्या तेलातही असतो. रोशा तेलात तर बहुतांश तोच! पुढे प्रयोगशाळांत दिसलं, की तो जिवाणू आणि बुरशीची वाढही रोखतो.

पण बाजारात हे तेल ‘जिरेनियम तेल’ म्हणून विकलं जायचं. म्हणून घटकाचं नाव पडलं जिरॅनिऑल. भेसळ अत्तरात झाली, तशी नावातही झाली. अत्तरातली पकडता आली. नावातली आजही पुस्तकांत तशीच आहे.