वैद्याची जखम

युद्धाचा इतिहास चाळताना सेनापतींची नावे भेटतात, मृतांची व जखमींची गणती भेटते. परंतु त्या जखमा बांधणाऱ्यांवर काय गुदरले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वैद्य म्हणजे इतरांच्या वेदनेपासून अलिप्त राहू शकणारा मनुष्य, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे सोलापूरच्या एका सुपुत्राच्या चरित्रावरून पाहावे, असे आम्हांस वाटते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली झाला. जपानच्या आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ राष्ट्रसभेने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. चीनमध्ये पोहोचून फार दिवस लोटले नाहीत, तोच वडील निवर्तल्याची वार्ता आली. परत फिरण्यास याहून सबळ कारण ते कोणते? तथापि ते येनानकडे पुढेच गेले. आणि यथाकाल सहकारी स्वदेशी परतू लागले, तेव्हाही मागे राहिले.

उत्तर चीनच्या त्या डोंगराळ मुलखात औषधे तुटपुंजी असत आणि शत्रू जवळ आला की रुग्णांसह मुक्काम हलवावा लागे. १९४० सालच्या लढायांत कोटणीसांनी सलग ७२ तास झोपेवाचून शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. त्याच प्रदेशात त्यांच्यापूर्वी खपलेले कॅनडाचे शल्यवैद्य नॉर्मन बेथून यांच्या बोटास शस्त्रक्रिया करताना जखम झाली आणि रक्तात विष भिनून १९३९ च्या नोव्हेंबरात त्यांचा अंत झाला. त्यांचेच नाव दिलेल्या इस्पितळाची धुरा १९४१ साली कोटणीसांकडे आली.

हा भार त्यांनी कशाच्या बळावर पेलला? केवळ ध्येयनिष्ठेच्या, असे उत्तर देणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यांच्या आयुष्यातील साध्या गोष्टी अधिक बोलक्या वाटतात. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांस शिकवू लागले, आणि क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह करून त्यांनी तेथेच संसार मांडला. १९४२ साली त्यांस पुत्र झाला. परका मुलूख त्यांनी घर करून टाकला; मनास विसावा मिळाला तो तेथेच.

परंतु देहास विसावा नव्हता. त्यांस अपस्माराचे झटके येत. जागरण व अतिश्रम यांनी हे झटके बळावतात, हे वैद्यकास ठाऊक आहे. कोटणीसांस ते ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते कालवश झाले. श्रमांनीच त्यांचा बळी घेतला, असे ठामपणे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण रुग्णास दिला असता तो विश्रांतीचा सल्ला त्यांनी स्वतःस दिला नाही, इतके उघड आहे.

पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर खंदकांत राहिलेले डॉक्टर लॉर्ड मोरान यांनी १९४५ साली धैर्याची मीमांसा करणारा ग्रंथ लिहिला. धैर्य ही प्रत्येकाची मोजकी गंगाजळी आहे आणि युद्धात ती दिवसेंदिवस खर्च होत जाते, हे त्यांचे प्रतिपादन. हा नियम सैनिकास लागू, तसाच वैद्यासही.

कोटणीसांच्या त्यागास आपण अमर म्हटले, ते योग्यच झाले. मात्र त्याग अमर असला तरी त्यागी मनुष्य मर्त्यच असतो. जखमा बांधणाऱ्यास वेळीच विश्रांती देणे ही त्याच्यावरील मेहेरबानी नव्हे. ते त्याच्या रुग्णांचेच रक्षण होय.