‘प्रमाणित’ जुन्या मोटारीत दोष आढळल्यास ग्राहकाचे हक्क

नवी दिल्ली : ‘प्रमाणित’ म्हणून विकलेल्या जुन्या मोटारीत अपघाताची लपवलेली दुरुस्ती, ओडोमीटरमधील फेरफार किंवा इंजिनातील बिघाड नंतर उघड झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. मात्र हे प्रमाणन शासनाचे नसून विक्रेत्याचे किंवा उत्पादक कंपनीचे असते. त्यामुळे तपासणी अहवाल, जाहिरात व लेखी वॉरंटी हेच ग्राहकाचे मुख्य पुरावे ठरतात.

दोष आढळताच विक्रेत्याला लेखी कळवावे आणि दुरुस्तीपूर्वी स्वतंत्र तंत्रज्ञाचा अहवाल घ्यावा. दुरुस्तीनंतर मूळ दोष सिद्ध करणे कठीण जाते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मोटारीसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास ग्राहकाला राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही जाता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी नोंदणी प्राधिकरणाच्या अधिकृतता प्रमाणपत्राची तरतूद आहे. व्यवहारापूर्वी ते पाहून घेणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.