कचेरीचे घर : न्यूयॉर्कमधील लिबर्टी टॉवरचा सहकारी वास

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन बेटावर, दक्षिण टोकाकडील पेढ्यांच्या वस्तीत, लिबर्टी टॉवर नावाची तेहेतीस मजल्यांची एक इमारत उभी आहे. हेन्री आयव्हज कॉब या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यावरून ती १९०९-१० मध्ये बांधली गेली. कवी व संपादक विल्यम कलन ब्रायंट यांच्याशी ज्याचे नाव निगडित आहे त्या 'ईव्हनिंग पोस्ट' पत्राची कचेरी पूर्वी याच जागी होती. १९१९ मध्ये ही वास्तू सिंक्लेअर तेल कंपनीच्या मालकीची झाली. सुमारे सत्तर वर्षे येथे दिवसा लेखण्या चालत आणि रात्री सर्व मजले ओस पडत. १९८० च्या सुमारास मात्र येथे संसार मांडले गेले, आणि इमारतीची मालकी रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे गेली. कचेरीचे घर कशामुळे होऊ शकले, आणि घर झाल्यावर त्या वास्तूचा भार कोणी व कसा वाहिला, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रकाशात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचे दिवे प्रचारात आले होते. परंतु त्यांचा उजेड दिवसभराच्या लेखनकामास पुरेसा नसे, आणि उष्णता मात्र पुष्कळ असे. वायुवीजनासाठी तर खिडकीवाचून गत्यंतरच नव्हते. त्यामुळे खिडकीपासून पंचवीस-तीस फुटांपलीकडे असलेल्या जागेस चांगले भाडे येत नसे, आणि कचेरीची खोली त्याच मापाने आखली जाई. लिबर्टी टॉवरचा भूखंड मुळातच लहान असून त्याच्या तीन बाजूंस रस्ते आहेत. साहजिकच प्रत्येक मजल्यावरील बहुतेक जागा उजेडात येते. दुसऱ्या महायुद्धानंतर नळीचे दिवे व वातानुकूलन यांचा प्रसार झाला, आणि कचेऱ्यांचे मजले खोल होत गेले. अशा मजल्याच्या मध्यभागी कारकून बसू शकतो, परंतु निजण्याची खोली करता येत नाही. म्हणूनच नवी कचेरी गृहरूपास अयोग्य आणि जुनी योग्य, असा वरकरणी विपरीत वाटणारा अनुभव येतो.

केवळ योग्यता असून भागत नाही; निमित्तही लागते. ते १९७० च्या दशकाने पुरविले. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरने कचेऱ्यांच्या जागेचा प्रचंड पुरवठा एकदम बाजारात आणला. त्यातच व्यापारात मंदी होती, आणि १९७५ मध्ये शहराचा खजिना दिवाळखोरीच्या काठावर येऊन ठेपला. जुन्या, अरुंद इमारतींना भाडेकरू मिळेनासे झाले. अशा वास्तूंचे निवासात रूपांतर करणाऱ्यांस करसवलत देण्याचे धोरण याच काळात स्वीकारले गेले. लिबर्टी टॉवरचे रूपांतर जोसेफ पेल लोम्बार्डी या वास्तुशिल्पज्ञाने घडवून आणले.

मालकीचा जो प्रकार येथे आला, त्याचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. न्यूयॉर्कमधील सहकारी इमारतीत रहिवासी आपल्या खोल्यांचा मालक नसतो. इमारतीची मालकी एका मंडळीची असते. रहिवासी त्या मंडळीचे भाग विकत घेतो, आणि भागांच्या आधारे त्यास विशिष्ट जागेचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. म्हणजे तो मालकांपैकी एक असतो, आणि त्याच वेळी स्वतःच्याच संस्थेचा भाडेकरूही असतो. मराठी वाचकास ही कल्पना अपरिचित नाही. मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेपासून तिचा परिचय आहे, आणि महाराष्ट्राच्या सहकारी कायद्याखालील नियमांत 'भाडेकरू सहभागीदारी संस्था' असा एक वर्गच आहे. ही संज्ञा कानास अवघड वाटते खरी. परंतु 'भाडेकरू' आणि 'भागीदार' हे व्यवहारात परस्परांसमोर उभे राहणारे दोन शब्द तिने एकाच माणसाच्या ठायी आणले आहेत. बोलण्यात आपण 'माझा फ्लॅट' म्हणतो. दप्तरात मात्र फ्लॅट संस्थेचा आणि भागदाखला आपला असतो.

या भेदाची खरी कसोटी खोलीत लागत नाही, बाहेरच्या भिंतीवर लागते. लिबर्टी टॉवरचा भार पोलादी सांगाड्यावर आहे. बाहेरून दिसतो तो पांढऱ्या झिलईच्या भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांचा पोशाख. त्यावर गॉथिक धर्तीची नक्षी व प्राण्यांच्या आकृती आहेत. ठोकळे आतून पोकळ असून लोखंडी आकड्यांनी सांगाड्यास बांधलेले असतात. सांध्यांतून पाणी शिरले की लोखंड गंजते, गंजलेले लोखंड फुगते, आणि ठोकळा तडकतो. १९७९ मध्ये याच शहरात एका इमारतीवरून निखळलेला तुकडा डोक्यावर पडून बर्नार्ड महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी मरण पावली. त्यानंतर १९८० मध्ये कायदा झाला, आणि सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भिंतींची दर पाच वर्षांनी तपासणी करणे बंधनकारक ठरले; १९९८ मध्ये हे नियम अधिक कडक करण्यात आले. इकडे १९८२ मध्ये लिबर्टी टॉवरला शहराच्या संरक्षित वास्तूंत स्थान मिळाले. त्यामुळे धोकादायक नक्षी खरवडून भिंत सपाट करण्याची सोपी वाट बंद झाली. एक कायदा म्हणतो, भिंत सुरक्षित ठेवा. दुसरा म्हणतो, ती होती तशीच ठेवा. दोहोंचा खर्च भागांच्या प्रमाणात प्रत्येक बिऱ्हाडावर येतो : मासिक वर्गणीतून, आणि मोठे काम निघाल्यास विशेष वर्गणीतून. २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले, ते येथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर. त्या वेळच्या हानीची, आणि त्याआधी वर्षानुवर्षे साचलेल्या झिजेची, दुरुस्ती पुढे करावी लागली.

येथे एक न्यायाचा प्रश्न उभा राहतो. भिंतीवरची नक्षी घरात बसलेल्यास दिसत नाही. ती दिसते रस्त्याने जाणाऱ्यास. सौंदर्य सर्व नगराचे आणि वर्गणी काही बिऱ्हाडांची, अशी ही विभागणी आहे. सुस्थितीतील भागधारकास ती जाचत नाही. परंतु निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यास एका विशेष वर्गणीपायी घर सोडण्याचा विचार करावा लागू शकतो. करसवलतीने या अन्यायाचे अंशतः निवारण होते, पूर्णतः होत नाही.

तथापि सहकाराची बाजूही तितकीच खरी आहे. तेल कंपनीस ही इमारत नकोशी झाली तेव्हा ती विकून मोकळे होता आले. भागधारकास आपले भाग विकता येतात; पण भिंतीचा भार त्याने संपत नाही, तो नव्या भागधारकाच्या खांद्यावर जातो, आणि जोवर तेथे कोणी राहते तोवर त्या भिंतीस विचारणारे कोणी ना कोणी असते. मुंबईच्या दक्षिण भागातील जुन्या कचेऱ्यांच्या भवितव्याचा विचार करताना उजेड आणि खिडक्या यांचे माप प्रथम घ्यावे लागेल; परंतु त्याबरोबरच भिंतीची वर्गणी कोण भरणार, हेही आरंभीच ठरवावे लागेल. लिबर्टी टॉवरच्या इतिहासातून निघणारा बोध एवढाच आहे.